एक लाख दहा हजार आणि आठ पार्ट्स

गेमिंग पीसी असेंबल करणं हे बरंचसं लग्नाच्या जेवणाचा मेनू ठरवण्यासारखं असतं. सगळ्यांना सगळं हवं असतं, प्रत्येकाचा एक जाणकार मामा असतो, आणि ताटाचा दर मात्र आधीच ठरलेला असतो. एक पक्वान्न वाढवलं की दुसरं काहीतरी गुपचूप कमी होतं. काय कमी झालं ते पंगतीला बसल्यावरच कळतं.

२०२५च्या जुलैमध्ये आमच्या घरी असा मेनू ठरला. बंधुराजांना (वय वर्षे २३, पहिलीच नोकरी) गेमिंग पीसी हवा होता. पैसे त्याचे स्वतःचे. चौदा महिने, दर महिन्याला ८ हजार असे बाजूला टाकून त्याने १ लाख १२ हजार जमवले होते. या पोराने या काळात ना ट्रिप केली ना नवा फोन घेतला. वरचे २ हजार 'असू देत' म्हणून ठेवायचे, म्हणजे हातात १ लाख १० हजार, मॉनिटरसकट. कीबोर्ड, माउस, हेडफोन जुनेच.

बाबांचं मत दोन वाक्यांत आलं. "पैसे तुझे आहेत, मी नाही म्हणणार नाही. पण दोन वर्षांत भंगारात जाणारी वस्तू आहे ही." बाबा चिंचवडच्या एका कारखान्यात तीस वर्षं इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला होते. त्यांच्या हिशोबात मशीन म्हणजे वीस वर्षं चालणारी गोष्ट. त्यामुळे घरातला 'कॉम्प्युटरवाला' म्हणून मला दोन गिऱ्हाइकं सांभाळायची होती. एकाला फ्रेम्स हव्या होत्या, दुसऱ्याला उत्तर.

आधी गेम, मग स्क्रीन, मग कार्ड

बहुतेक लोक सुरुवात प्रोसेसरपासून करतात. आम्ही पहिल्या दुकानात गेलो तेव्हा तिथल्या माणसानेही तेच केलं. "आय-सेव्हन घ्या ना सर, फ्युचर प्रूफ आहे." त्याच्या तयार कॉम्बोमध्ये खरोखरच आय-सेव्हन होता, आणि त्याच्या जोडीला काही पिढ्या जुनं ४ जीबीचं ग्राफिक्स कार्ड! म्हणजे मुंडावळ्या सोन्याच्या आणि पायात स्लीपर.

म्हणून घरी येऊन बंधुराजांना एकच प्रश्न विचारला: खेळणार काय? तीन नावं आली. व्हॅलोरंट (रोज, मित्रांबरोबर), एल्डन रिंग आणि सायबरपंक २०७७. आता गंमत बघा. हे तिन्ही 'गेम' असले तरी मशीनकडून तीन वेगळ्या गोष्टी मागतात.

व्हॅलोरंट २०२०चा आणि मुद्दाम हलका ठेवलेला गेम. साध्या कार्डावरही तो सुसाट पळतो, तिथे दम लागतो तो प्रोसेसरला. एल्डन रिंग पीसीवर ६० फ्रेम्सच्या वर जातच नाही, मर्यादा गेममध्येच आहे. त्याच्यासाठी १ लाखाचं कार्ड घेतलं तरी फ्रेम्स ६०च. सायबरपंक मात्र खरा खादाड. रे ट्रेसिंग चालू केलं की भली भली कार्डं घाम पुसायला लागतात.

थोडं गणित. सेकंदाला ६० फ्रेम्स हव्या असतील तर प्रत्येक फ्रेम तयार करायला १६.७ मिलिसेकंद मिळतात. १४४ हव्या असतील तर जेमतेम ६.९. प्रत्येक फ्रेमसाठी आधी प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे आहे, गोळी लागली की नाही, काय काय काढायचं आहे. मग ग्राफिक्स कार्ड ते चित्र रंगवतं. दोघांपैकी जो हळू, त्याच्या वेगाने गाडी चालते. स्क्रीनवरचे पिक्सेल वाढले की कार्डाचं काम वाढतं, प्रोसेसरचं जवळजवळ तेवढंच राहतं. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख, आणि ४के म्हणजे ८२.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोबर चौपट.

तुमच्या जुन्या मशीनमध्ये नक्की कोण हळू आहे हे फुकटात कळतं. गेमचं रिझोल्यूशन कमी करून बघा. फ्रेम्स लगेच वाढल्या तर कार्ड कमी पडतंय. ढिम्म हलल्या नाहीत तर प्रोसेसर.

तर मॉनिटर आधी ठरला: २७ इंची, १४४०पी, १८० हर्ट्झ. ४केचा मोह बंधुराजांना होता, पण ४के मॉनिटर म्हणजे हत्ती. विकत घेणं एकवेळ जमतं, त्याला रोज खायला घालणारं कार्ड परवडत नाही.

आठ की सोळा?

मॉनिटर ठरल्यावर कार्डाची यादी आपोआप लहान झाली. एएमडीचं आरएक्स ९०६० एक्सटी जून २०२५मध्ये नुकतंच आलं होतं, तेही ८ जीबी आणि १६ जीबी अशा दोन रूपांत. नाव तेच, चिप तीच, खोक्यावरचा बारीक आकडा वाचल्याशिवाय फरक कळत नाही. आम्हाला फरक पडत होता सुमारे ६ हजारांचा.

कार्डावरची मेमरी म्हणजे स्वयंपाकघराचा ओटा. सामान ओट्यावर मावतंय तोवर ओटा चार फुटी आहे की आठ फुटी, काही फरक नाही. न मावलं की दर वेळी कोठीच्या खोलीत जाऊन यावं लागतं. ८ जीबी भरलं की गेम टेक्श्चर्स मुख्य रॅममध्ये ठेवतो आणि तिथून ये-जा सुरू होते. सरासरी फ्रेम्स ठीक दिसतात, पण मध्येच गचका बसतो. म्हणून रिव्ह्यूमध्ये नुसती सरासरी बघू नये, '१ टक्का लो' हा आकडा बघावा. गचके तिथे लपलेले असतात. डिसेंबर २०२४मध्ये आलेल्या इंडियाना जोन्सच्या गेमने तर किमान गरजच ८ जीबी सांगितली, शिवाय रे ट्रेसिंग करू शकणारं कार्ड सक्तीचं केलं. जी गोष्ट आज किमान आहे तीच नवी विकत घ्यायची, हे चौदा महिन्यांच्या बचतीला शोभत नव्हतं. १६ जीबी ठरलं.

एनव्हीडिया का नाही? रे ट्रेसिंग आणि डीएलएसएस यांत ते पुढे आहेत. ब्लेंडर किंवा एआयचं काही करणार असाल तर त्यांचंच घ्या. पण त्यांचं १६ जीबीचं ५०६० टीआय आम्हाला सात-आठ हजारांनी महाग पडत होतं, आणि ते सात-आठ हजार कुठून तरी काढावे लागणार होते. कुठून, हा प्रश्न या सगळ्या प्रकरणात सतत विचारावा लागतो.

बारा-पंधरा हजारांचा वाद

खरी खडाजंगी झाली ती प्रोसेसरवर. पर्याय दोन. एक, रायझन ५ ५६००, जुना एएम४ सॉकेट आणि डीडीआर४ रॅम. दोन, रायझन ५ ७६००, नवा एएम५ सॉकेट आणि डीडीआर५. दोन्हींत सहा कोअर, पण मदरबोर्ड आणि रॅम धरून फरक साधारण १४ हजारांचा. बंधुराजांचं म्हणणं, ते १४ हजार कार्डात घालू, वरच्या पायरीच्या जवळ पोचू. म्हणणं चुकीचं नव्हतं. आजच्या सायबरपंकसाठी तेच बरोबर होतं.

माझा मुद्दा बाबांच्या 'भंगार' या शब्दातून आला. पीसी भंगारात जातो तो अख्खा कधीच जात नाही. एखादा पार्ट म्हातारा होतो, आणि तो बदलता येत नसेल तर बाकी सगळे त्याच्याबरोबर सती जातात. लॅपटॉपचं हेच दुखणं. प्रश्न असा की चार वर्षांनी काय काय बदलता येईल?

एएम४चा इतिहास यात फार बोलका आहे. २०१७मध्ये पहिल्या रायझनबरोबर घेतलेल्या कित्येक बोर्डांवर, बायोस अपडेट करून, २०२२चा ५८००एक्स३डी बसला. पाच वर्षं जुना बोर्ड, आणि त्यावर त्या काळचा गेमिंगमधला अव्वल प्रोसेसर! पण आता ती शर्यत संपत आलेली. ५६०० घेतला असता तर आम्ही शेवटच्या स्टेशनाच्या अलीकडे गाडीत चढलो असतो. एएम५ सप्टेंबर २०२२मध्ये सुरू झाला आणि २०२७पर्यंत व त्यापुढेही तो चालवू असं एएमडीने जाहीर केलेलं आहे. इंटेलच्या बाजूला एलजीए १७०० सॉकेट १२व्या ते १४व्या पिढीपर्यंत चालला आणि ऑक्टोबर २०२४मध्ये डेस्कटॉपसाठी नवा सॉकेट आला, म्हणजे तिथेही पुढची वाट बंद.

मी एवढंच सांगून थांबलो. पैसे त्याचे, रात्रभर विचार त्याने केला. सकाळी चहा पिताना म्हणाला, "कार्ड काढून दुसरं लावायला किती वेळ लागतो?" दहा मिनिटं. "आणि मदरबोर्ड?" अख्खा दिवस, आणि रॅमसुद्धा नवी. "मग एएम५." हुश्श!

रॅम १६ जीबीच्या दोन पट्ट्या घेतल्या. ३२ची एकच घेऊ नये. दोन पट्ट्या म्हणजे दोन रस्ते, डेटा दोन्हीकडून येतो. एसएसडी १ टीबीची, चौथ्या पिढीची, मध्यम वेगाची. सेकंदाला ७ हजार एमबीवाल्या महागड्या एसएसडीने फाइल कॉपी झरझर होते, पण गेम उघडायला जो वेळ लागतो त्यात साध्या एनव्हीएमईपेक्षा सहसा एखाद-दुसऱ्या सेकंदाचा फरक. तो सेकंद विकत घ्यायची गरज नव्हती.

न दिसणारे पार्ट्स

पूर्वी आपल्याकडे कॅबिनेटबरोबर एसएमपीएस फुकट यायचा. पुष्कळांच्या डोक्यात तो अजून फुकटच आहे. ५० हजारांचं सामान ज्याच्यावर चालणार त्याला दीड हजाराच्या वर भाव द्यायला जिवावर येतं. आमचा हिशोब असा: कार्ड १६० वॉट, प्रोसेसर जास्तीत जास्त ८८, बाकी सगळं मिळून ५०-६०. म्हणजे फार तर ३०० ते ३१० वॉट. ५५०चा एसएमपीएस पुरला असता. पुढे मोठं कार्ड आलं तर अडायला नको म्हणून ६५०चा घेतला. आणखी एक गोष्ट: '८० प्लस'चा बिल्ला हा कार्यक्षमतेचा आहे. शॉर्ट झाल्यावर किंवा व्होल्टेज चढल्यावर एसएमपीएस वेळेत बंद होतो की नाही, हे त्या बिल्ल्यावरून कळत नाही. त्यासाठी तपशीलवार रिव्ह्यू वाचावे लागतात. आणि वॉरंटी किती वर्षांची आहे तेही बघावं. कंपनीचा स्वतःच्या मालावर किती विश्वास आहे ते त्यातून कळतं.

इथे बाबा पहिल्यांदा संभाषणात आले. तोवर पेपर वाचत असल्याचं दाखवत होते. म्हणाले, "तुझ्या खोलीतल्या प्लगला अर्थिंग आहे का?"

आम्ही दोघे इंजिनियर एकमेकांकडे बघत राहिलो. बाबा उठले, होल्डरला दोन वायरी लावलेला त्यांचा जुना टेस्ट लॅम्प काढला. फेज आणि न्यूट्रलमध्ये दिवा लख्ख. फेज आणि अर्थमध्ये, अंधार. आमची इमारत १९८६ची. त्या खोलीत प्लगचं तिसरं भोक नुसतं शोभेचं होतं, मागे वायरच नव्हती. (हा प्रयोग ज्याला कळतो त्यानेच करावा. बाकीच्यांनी वायरमन बोलवावा.)

याचा पीसीशी काय संबंध? एसएमपीएसच्या आत विजेतला खरखराट गाळणारे छोटे कपॅसिटर असतात. ते फेज आणि न्यूट्रल या दोन्हीकडून कॅबिनेटच्या पत्र्याला, म्हणजे अर्थला जोडलेले असतात. अर्थच नसेल तर पत्रा मधल्यामध्ये तरंगतो, २३०च्या निम्म्यावर. करंट अगदी थोडा, पण हात लावला की झिणझिण्या येतात. जुन्या कॉम्प्युटरला हात लावून 'करंट मारतो' म्हणणारे आपण सगळेच. त्यात कुठे आत वायर सुटून पत्र्याला टेकली तर झिणझिण्यांवर भागत नाही. आणि सर्ज प्रोटेक्टरलाही जादा झटका ढकलायला अर्थ लागतो. तो नसेल तर एक्स्टेन्शन बोर्डावरचा लाल दिवा म्हणजे नुसती देवघरातली समई.

त्या रविवारी बाबांनी ओळखीच्या वायरमनला बोलावलं आणि मुख्य बोर्डापासून खोलीपर्यंत हिरवी वायर ओढून घेतली. दिवसभर स्वतः शेजारी उभे. संध्याकाळी टेस्ट लॅम्प लख्ख पेटला तेव्हा 'भंगार' हा शब्द घरात त्या दिवसापुरता तरी बंद झाला. वर यूपीएसही त्यांनीच घेतला, १ केव्हीएचा. "६०० व्हीए लिहिलेलं असलं तरी बऱ्याचदा ३६० वॉटच देतो तो," हे त्यांचं भाष्य. बरोबरच होतं. पीसी ३१०, मॉनिटर ४०, म्हणजे ६००वाला पहिल्याच दिवशी काठावर.

कॅबिनेट घेताना एकच निकष: पुढून जाळी. पुढे काच लावलेली कॅबिनेटं दिसतात झकास, पण हवा आत जाणार कुठून? ३०० वॉटची उष्णता खोलीतच राहते, आणि आपला एप्रिल-मे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन पंखे पुढून हवा आत घेणारे, एक मागून बाहेर टाकणारा, पुढे धुळीची जाळी. रंगीत दिवे वजा केले. दिवाळी वर्षातून एकदाच बरी.

बिल

ग्राफिक्स कार्ड ३८,०००
प्रोसेसर १७,०००
मदरबोर्ड ११,५००
रॅम ९,०००
एसएसडी ५,५००
एसएमपीएस ६,०००
कॅबिनेट ४,५००
मॉनिटर १७,५००
एकूण १,०९,०००

उरलेले हजार हिरव्या वायरीत गेले. विंडोज ११चं लायसन्स मी दिलं, थोरल्या भावाने काहीतरी द्यायला नको का? (लिनक्सवर एल्डन रिंग आणि सायबरपंक छान चालतात, पण व्हॅलोरंटचं अँटी-चीट लिनक्सवर नाही. विंडोज ११वर त्याला टीपीएम आणि सिक्युअर बूटही चालू लागतं. मग विंडोजच.)

जोडणीचं फार वर्णन करत नाही, व्हिडिओ ढिगाने आहेत. एएम५मध्ये पिना प्रोसेसरला नसून मदरबोर्डवर असतात, त्यामुळे जपायचं ते बोर्डाला. रॅमच्या दोन पट्ट्या प्रोसेसरपासून मोजून दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डात, मदरबोर्डात नव्हे. आणि पहिल्यांदा बटण दाबल्यावर काही मिनिटं स्क्रीन काळाच राहिला तर घाबरू नका, डीडीआर५ रॅमची जुळवाजुळव चाललेली असते. आमच्याकडे ती तीन मिनिटं घरात कुणी बोललं नाही. आईने तर देवासमोर उदबत्तीच लावली :)

सुरू झाल्यावर दोन गोष्टी हाताने कराव्या लागतात. बायोसमध्ये एक्स्पो चालू करणं, नाहीतर ६०००ची रॅम ४८००वर धावते. आणि विंडोजमध्ये मॉनिटर १८० हर्ट्झवर नेणं, नाहीतर तो बापडा बहुतेक वेळा ६०वर बसून राहतो.

झाकण लावायच्या आधी बाबांनी आत डोकावून पाहिलं. "ही जागा रिकामी का?" दुसऱ्या एसएसडीची आहे, पुढे लागली तर. "आणि पॉवर दुप्पट का?" पुढच्या मोठ्या कार्डासाठी. ते थोडा वेळ बघत राहिले. मग म्हणाले, "पॅनल करताना आम्हीही दोन वे स्पेअर ठेवायचो." याला आमच्या घरात शाबासकी म्हणतात.

यानंतरची गोष्ट थोडी उदास आहे. २०२५च्या शेवटच्या महिन्यांत रॅमच्या किमती भडकल्या. एआयच्या डेटा सेंटर्सची मागणी एवढी वाढली की चिप बनवणाऱ्यांनी आपली क्षमता तिकडे वळवली, आणि आम्ही ९ हजारांना घेतलेल्या ३२ जीबीचा भाव दुपटीच्याही पार गेला. डिसेंबर २०२५मध्ये मायक्रॉनने तर क्रुशल हा ग्राहकांसाठीचा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. बंधुराजांचे दोन मित्र तेव्हा नुकतेच पैसे जमवत होते. दोघांनी वरचं बिल मागितलं. मी म्हटलं, बिल घेऊन उपयोग नाही, त्यातले आकडे शिळे झाले. यादी करण्याचा क्रम तेवढा न्या. काय खेळणार, कुठल्या स्क्रीनवर, चार वर्षांनी काय बदलता येईल, आणि भिंतीतल्या प्लगमागे वायर आहे का. पैसे कमी पडले तर ज्या पार्टमध्ये नंतर दहा मिनिटांत सुधारणा होते तिथे कात्री लावा. १६ जीबीवर सुरुवात करा, एसएसडी लहान घ्या. एसएमपीएस आणि मदरबोर्डला हात लावू नका.

त्यातल्या एकाने परवा फोन केला. पार्ट्स अजून घेतलेले नाहीत. पण घरमालकाच्या मागे लागून खोलीचं अर्थिंग करून घेतलं म्हणे. म्हणजे सुरुवात योग्य ठिकाणाहून झाली आहे.

चू.भू.द्या.घ्या. भेटू पुढच्या शनिवारी.